फळीवरील आगगाडी

आगगाडीचें वेड लागलें नाहीं असें मूल विरळा. फलाटावर उभें राहून इंजिनाची वाट पाहणें, मालगाडीचे डबे मोजणें, गार्डाच्या निशाणाकडे टक लावणें, हे उद्योग आपणांपैकीं बहुतेकांनीं केलेले असतात. याच वेडाचें एक शहाणें रूप म्हणजे घरांत लहान प्रमाणावर आगगाडी उभारण्याचा छंद होय. परदेशाहून येणाऱ्या एखाद्या मामानें आणलेली, किंवा वडिलांनीं हौसेनें मागविलेली अशा गाडीची पेटी आपल्याकडील कांहीं घरांत आढळते. पण ती बहुधा कोठें आढळते? माळ्यावर. पहिल्या दिवशीं घरांतील लहानथोर मंडळी जमिनीवर पालथी पडून गाडी पाहतात. दुसऱ्या दिवशीं शेजारचीं मुलें येतात. पंधरवड्यानें रुळांवर धूळ बसते, गाडी अडखळूं लागते, आणि महिना भरतो न भरतो तोंच पेटी माळ्यावर चढते. मुलें धरसोड करणारीं म्हणून असें होतें, असें वडील मंडळी म्हणतात. आमच्या मतें आरंभच भलत्या जागीं झालेला असतो. एका चांगल्या सायकलीइतका पैसा ज्या वस्तूवर खर्च होतो, तिचा आरंभ कसा करावा हें आधीं समजून घेतलेलें बरें; म्हणून हा लेख.

हा छंद तसा जुना आहे. जर्मनींतील ग्योपिंगेन गांवच्या मेर्क्लिन कारखान्यानें १८९१ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. खेळण्यांतल्या गाड्या त्यापूर्वींही होत्या. परंतु या कारखान्यानें रुळांच्या रुंदीचीं ठराविक मापें बांधून दिलीं, आणि त्यामुळें आज घेतलेल्या रुळांवर पुढच्या वर्षीं घेतलेला डबा चालूं लागला. छंदाचा खरा पाया हाच. इंग्लंडांत ‘मेकॅनो’ या प्रसिद्ध खेळाचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यानें १९२० सालीं आपल्या आगगाड्या विक्रीस आणल्या. त्या वेळच्या गाड्यांस मोठा दिवाणखाना लागे. टेबलावर मावतील अशा निम्म्या मापाच्या गाड्या जर्मनींत ट्रिक्स व मेर्क्लिन या दोन्ही कारखान्यांनीं १९३५ सालीं काढल्या, व हॉर्नबीच्या तशा गाड्या १९३८ सालीं निघाल्या. आज हॅम्बुर्ग शहरांत २००१ सालीं उघडलेलें एक प्रदर्शन आहे. त्यांतील रुळांची लांबी पंधरा किलोमीटरांहून अधिक भरते. इतक्या दूर जावयास नको. पुण्यास कोथरूड भागांत जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून आहे. सहलीस पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें अवश्य पाहावें. मात्र परत येतांना तसेंच आपल्या घरीं उभारण्याचा बेत मनांत आला, तर तो शिवाजीनगर येण्याच्या आंत सोडून द्यावा. तीं कामें वर्षानुवर्षांचीं व अनेक हातांचीं असतात.

आतां प्रमाणाकडे वळूं. या छंदांत सर्व कांहीं प्रमाणावर उभें आहे, आणि ज्यानें एकदां पाटीवर हें गणित मांडलें त्यास दुकानदार सहसा फसवूं शकत नाहीं. जगांत सर्वांत अधिक प्रचार ज्या मापाचा आहे, त्यास ‘एचओ’ म्हणतात. खऱ्या वस्तूचे ८७ भाग केले असतां त्यांतील एक भाग, हें त्याचें प्रमाण. युरोपांतील बहुतेक आगगाड्यांचे रूळ एकमेकांपासून १४३५ मिलिमीटर अंतरावर असतात. त्यास ८७ नें भागिलें कीं १६.५ मिलिमीटर येतात, आणि तीच या लहान रुळांची रुंदी होय. इंग्रज लोकांनीं येथें थोडा घोळ करून ठेविला आहे. त्यांचीं खरीं इंजिनें युरोपांतील इंजिनांहून अंगानें लहान. तीं १:८७ प्रमाणांत केलीं तेव्हां त्या काळच्या विजेच्या मोटारी आंत मावेनात. म्हणून त्यांनीं गाडी १:७६ प्रमाणांत मोठी केली व रूळ मात्र तेच ठेविले. या इंग्रजी मापास ‘डबल ओ’ म्हणतात. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रुळावर धांवतात, एवढें नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें म्हणजे झालें. याहून लहान ‘एन’ नांवाचें माप आहे; त्याचे रूळ ९ मिलिमीटर रुंद असतात. जागा कमी लागते म्हणून पालकांस तें आवडतें, पण घसरलेला एवढासा डबा पुन्हां रुळावर बसवितांना बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांची परीक्षा होते. पहिल्या वर्षीं एचओ अथवा डबल ओ हेंच माप घ्यावें, असें आमचें मत आहे.

प्रमाणाचें गणित येथेंच थांबत नाहीं. आपल्या देशांतील पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. अंतर ३४ किलोमीटर. त्यास ८७ नें भागावें. सुमारें ३९० मीटर येतात. म्हणजे बोरीबंदर ते ठाणें हा रस्ता प्रमाणांत उभारावयाचा तर शाळेचें मोठें पटांगणही अपुरें पडेल. आपल्याकडील निळ्या डब्यांची लांबी सुमारें २१.३ मीटर असते. प्रमाणांत ती साडेचोवीस सेंटिमीटर भरते. वीस डब्यांची मेल गाडी जवळजवळ पांच मीटर लांब होईल! ज्या घरांत तिला उभें राहावयास फलाट मिळेल तें घर भाग्यवान म्हणावें.

वेगाचीही तीच गोष्ट. ताशीं ६० किलोमीटर धांवणारी गाडी सेकंदास सुमारें १६.७ मीटर जाते. प्रमाणांत हे १९ सेंटिमीटर झाले. म्हणजे चार फूट लांबीच्या फळीवरून जावयास तिला सहा-सात सेकंद लागले पाहिजेत. पण मुलें काय करितात? मूठ शेवटपर्यंत फिरवून गाडी एका सेकंदांत पार करितात. गणित केलें तर ताशीं ३८० किलोमीटरांचा वेग येतो, आणि मग गाडी वळणावर पडली म्हणून रडतात. नवशिक्यानें सर्वांत आधीं शिकावयाची विद्या म्हणजे गाडी हळू चालविणें. विकत घेतांनाही इंजिन किती जोरानें पळतें हें पाहूं नये. तें किती हळू, न अडखळतां चालतें हें पाहावें.

वजनाच्या बाबतींत मात्र निराळाच नियम लागतो, आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो स्वतः पडताळून पाहावा. लांबी ८७ पट कमी झाली, तशी रुंदीही झाली व उंचीही झाली. म्हणून वजन ८७ चा घन, म्हणजे ६,५८,५०३ पट कमी झालें पाहिजे. शंभर टनांचें इंजिन या हिशेबानें केवळ दीडशे ग्रॅम भरतें. एवढ्या हलक्या इंजिनाचीं चाकें रुळांस घट्ट धरीत नाहींत. तीं जागच्या जागीं फिरतात. म्हणून कारखानदार आंत धातूचे ठोकळे बसवून इंजिन जाणूनबुजून प्रमाणाहून जड करितात. पंख्याच्या खालून जातांना गार वाटणारा हलका डबा घसरतो व जड डबा घसरत नाहीं, याचें कारणही हेंच. घरीं केलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यांत तळाशीं एखादें लोखंडी वायसर चिकटविण्यास विसरूं नये.

आतां मुख्य मुद्दा. बाजारांत मिळणाऱ्या नवशिक्यांच्या पेटींत एक इंजिन, दोन-चार डबे आणि अंडाकृति मांडावयाचे रूळ असतात. गाडी निघते, वळते, परत येते. पुन्हां निघते, पुन्हां वळते. दहा फेऱ्यांनंतर पाहणाऱ्यास करावयास कांहींच उरत नाहीं. घाण्याच्या बैलाकडे कोणी किती वेळ पाहावें? शिवाय या अंडाकृति मार्गास जागा पुष्कळ लागते. आपल्या देशांत रुंद मार्गावरील खरें वळण अगदीं तीव्र म्हटलें तरी त्याची त्रिज्या १७५ मीटरांच्या आंत नसते. प्रमाणांत ती दोन मीटर होते. म्हणजे खरें दिसणारें वर्तुळ मांडावयास चार मीटर रुंदीची खोली हवी. पेटींतील वळणांची त्रिज्या ३६ ते ४४ सेंटिमीटर असते. त्यांवर लांब डबे जातांना त्यांचीं टोंकें बाहेर लोंबतात, व गाडी शेपूट चावणाऱ्या मांजरासारखी दिसते. एवढें करूनही त्या मांडणीस साडेतीन फूट रुंदी हवीच. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत साडेतीन फूट रुंद टेबल कायमचें कोण ठेवूं देईल? रोज मांडावें, रोज उचलावें, आणि एके दिवशीं कंटाळावें, हाच क्रम ठरलेला.

यावर आमची सूचना अशी आहे कीं, नवशिक्यानें वर्तुळाचा नाद सोडावा आणि चार फूट लांब व एक फूट रुंद अशा फळीवर एक लहानसें माल-स्थानक उभारावें. फळी कपाटामागें उभी राहते, पलंगाखालीं सरकते, आणि अभ्यासाच्या वेळीं कोणाच्या आड येत नाहीं. हिच्यावर गाडी धांवणार नाहीं, हें खरें. पण आगगाडीच्या नोकरींत धांवणें हा कामाचा एक भाग झाला. मालाच्या वाघिणी निवडणें, तोडणें, जोडणें व हव्या त्या क्रमानें उभ्या करणें, म्हणजे ज्यास शंटिंग म्हणतात तें काम, स्थानकावरील माणसांस पिढ्यान्‌पिढ्या रात्रंदिवस पुरलें आहे. (‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाची आपल्या लोकांनीं ‘वाघीण’ केली, ती आम्हांस फार आवडते. सांधेवाल्यांच्या तोंडीं ती इतकी रुळली कीं आतां तिला परकी कोण म्हणेल?)

या कामाचाच एक खेळ इंग्लंडांतील अ‍ॅलन राइट नांवाच्या छांदिष्टानें आपल्या ‘इंगलनूक’ नांवाच्या लहान मांडणींत बसविला, व तो जगभर पसरला. त्याची रचना अशी. फळीच्या डाव्या टोंकास एक मोकळा रूळ ठेवावा. त्यावर इंजिन व तीन वाघिणी एवढ्याच मावाव्या, चौथी मावतां कामा नये. या रुळापुढें एक सांधा; त्यांतून सरळ जाणाऱ्या फांट्यावर पांच वाघिणींची जागा. सांध्यांतून बाजूस निघणाऱ्या रुळावर दुसरा सांधा, व त्यापुढें तीन-तीन वाघिणींचे दोन फांटे. एकूण जागा अकरा, आणि वाघिणी घ्यावयाच्या आठ. प्रत्येक वाघिणीस एक नांव द्यावें: कोळसा, कापूस, गूळ, सिमेंट, मीठ, लांकूड, धान्य, तेल. तींच नांवें आठ चिठ्ठ्यांवर लिहून डब्यांत घालावीं आणि डोळे मिटून पांच चिठ्ठ्या एकामागून एक काढाव्या. ज्या क्रमानें चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमानें त्या पांच वाघिणी लांब फांट्यावर उभ्या करून द्यावयाच्या. हातानें वाघीण उचलावयाची नाहीं. सर्व काम इंजिनानें.

वाचतांना हें सोपें वाटतें. करूं लागल्यावर कळतें कीं जी वाघीण हवी ती नेमकी फांट्याच्या तळाशीं अडकलेली आहे; तिच्या पुढच्या तीन ओढून काढाव्या, तर दुसऱ्या फांट्यांत आधींच दोन उभ्या आहेत; त्या हलवाव्या, तर मोकळ्या रुळावर चौथीस जागा नाहीं. क्षणभर इंजिन थांबवून विचार करावा लागतो. पहिली चिठ्ठी आठांतून एक, दुसरी सातांतून एक, असें करीत पांच चिठ्ठ्यांचे ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२० निरनिराळे क्रम होतात. रोज एक गाडी लावली तरी ते संपावयास अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल. आमच्या पाहण्यांतील एका घरीं दोघे भाऊ हा खेळ खेळतात: धाकटा स्टेशनमास्तर होऊन चिठ्ठ्या काढतो व किती वेळां इंजिन मागेंपुढें झालें तें वहींत टिपतो, थोरला ड्रायव्हर. आठवड्यास भूमिका बदलतात. ती वही आतां दुसरी सुरू झाली आहे, आणि त्यांची फळी अद्यापि माळ्यावर गेलेली नाहीं.

या खेळासाठीं जुन्या धर्तीच्या चार चाकी लहान वाघिणी घ्याव्या. डबल ओ मापांत त्यांची लांबी जोडणीसकट सुमारें आठ सेंटिमीटर असते. मोकळ्या रुळास इंजिनाचे बारा व तीन वाघिणींचे चोवीस मिळून छत्तीस सेंटिमीटर. लांब फांट्यास चाळीस. आणि सांध्यांची लांबी प्रत्येकीं सतरा-अठरा धरली, तर सर्व मांडणी चार फुटांत सहज बसते. रूळ ठोकण्यापूर्वीं मात्र कागदावर पूर्ण मापांत आराखडा काढून वाघिणी त्यावर ठेवून पाहाव्या. अर्धा सेंटिमीटर चुकला तर शेवटची वाघीण सांध्यावर लटकते व सगळा खेळ बिघडतो.

फळीसाठीं ९ किंवा १२ मिलिमीटर जाडीचें प्लायवूड घ्यावें व खालून दोन इंच उंचीच्या पट्ट्यांची चौकट मारावी. चौकटीवांचून नुसती फळी एका पावसाळ्यांत पोट काढते. आमच्याकडील दमट हवेंत आणखी एक काळजी घ्यावी लागते: व्हार्निशचा हात वरून दिला तसाच खालूनही द्यावा. एकाच बाजूस दिला तर दुसरी बाजू ओल पिते, फुगते, आणि फळी वांकते. वर बुचाचा पातळ पत्रा चिकटविल्यास गाडीचा खडखडाट कमी होतो. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावे. त्या धातूंत नांवापुरतीही चांदी नसते, पण तो गंजत नाहीं. पोलादी रूळ स्वस्त पडतात, आणि कोंकणांत किंवा मुंबईंत जुलै महिन्यांत त्यांवर तांबूस थर चढलेला दिसतो.

रूळ घालतांना जितकी घाई कराल तितका पुढें मनस्ताप. दोन रुळांचा जोड बोटाच्या टोंकानें चांचपून पाहावा. जो खांचा बोटास लागतो तो चाकासही लागतो. सांध्याच्या जिभा रुळास अगदीं चिकटल्या पाहिजेत. एकच वाघीण हातानें हळू ढकलीत सर्व मार्गावरून दहा वेळां न्यावी. ती जेथें किंचितही उडी मारील तेथें पेन्सिलीची खूण करून तो जोड उकलावा व पुन्हां बसवावा. गाडी घसरली कीं मुलें इंजिनास दोष देतात. दहांतून नऊ वेळां दोष रुळाचा असतो. ज्याच्यापाशीं पैसे थोडे आहेत त्यानें इंजिन एकच घ्यावें, पण रूळ आणि सांधे उत्तम घ्यावे.

विजेचें काम समजावयास कठीण नाहीं. घरांतील दिव्यास जशा दोन तारा लागतात तशा येथें दोन रूळ हेच दोन तारा होत. एका रुळांतून वीज इंजिनाच्या चाकांवाटे मोटारींत जाते व दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळांत परत येते. म्हणून एका बाजूचीं चाकें दुसऱ्या बाजूच्या चाकांपासून आंसावरच विद्युद्रोधक वस्तूनें अलग केलेलीं असतात. वीज उलट दिली कीं मोटार उलट फिरते व गाडी मागें जाते. व्होल्ट शून्यापासून बारापर्यंत वाढवीत गेलें कीं वेग वाढतो. इतकें समजलें म्हणजे एक गोष्ट आपोआप ध्यानांत येईल: गाडी वळवून त्याच रुळावर उलट तोंडानें परत आणणारा फांसा मांडला, तर डावा रूळ उजव्यास जाऊन मिळतो आणि वीज आडवाटेनें धांवते. असे फांसे पहिल्या वर्षीं मांडूं नयेत. मेर्क्लिनच्या एचओ गाड्यांची विजेची पद्धति मात्र निराळी आहे. तींत दोन्ही रूळ मिळून एकच तार, आणि दुसरी तार मधल्या ठिपक्यांच्या ओळींतून जाते. त्यांचे डबे वरील दोन-रुळी मार्गावर ठेवले तर त्यांचीं चाकें दोन्ही रुळांस जोडून टाकतात. जुनी पेटी विकत अथवा भेट मिळाल्यास हें आधीं तपासावें. प्रत्येक इंजिनांत लहानसा यंत्रमेंदू बसवून अनेक गाड्या एकाच रुळावर वेगवेगळ्या चालविण्याची नवी पद्धतही आहे. एका इंजिनाच्या फळीस तिची गरज नाहीं.

धूळ हा या छंदाचा मोठा शत्रु. आठवड्यांतून एकदां रूळ व चाकें आयसोप्रोपिल स्पिरिटांत किंचित भिजविलेल्या फडक्यानें पुसावीं, व तें उडून गेल्यावरच वीज सोडावी. सँडपेपर कधींही लावूं नये; त्याचे ओरखडे पुढें अधिक मळ धरून ठेवतात. काम झालें कीं फळीवर जुनें धोतर किंवा चादर घालावी.

येथें पालकांशीं थोडें बोलावयाचें आहे. रुळांतील बारा व्होल्टांची वीज मुलास इजा करीत नाहीं. पण ज्या पेटींत घरांतील २३० व्होल्टांचे बारा होतात ती पेटी उघडण्याचें काम मुलाचें नव्हे, आणि खरें सांगावयाचें तर बहुतेक पालकांचेंही नव्हे. तारेस डाख द्यावयाचा असेल तेव्हां मोठ्या माणसानें शेजारीं बसावें. सुतारकामांत करवत धरूं द्यावी. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलाचें काम वांकडेंतिकडें होतें हें न पाहवून कित्येक वडील स्वतःच रूळ ठोकावयास बसतात, आणि दोन आठवड्यांनीं ती गाडी वडिलांची होते. मुलगा लांब उभा राहून पाहतो. त्याला हात लावावयाची भीति वाटूं लागते. वांकडा रूळ त्याला स्वतः उकलूं द्यावा. आणि हें सर्व मुलग्यांपुरतेंच आहे असें कोणी समजूं नये. सांध्याच्या जिभेस हलक्या बोटांचें काम लागतें, व तें मुलींस कित्येकदां अधिक साधतें.

देखाव्याविषयीं थोडक्यांत. रुळांखालील खडीसाठीं नदीची वाळू बारीक चाळून घ्यावी, आणि पांढरा गोंद पाण्यांत पातळ करून त्यांत भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ती चिकटवावी. थेंब नसला तर पाणी वाळूवरून घरंगळतें. वापरलेली चहापूड वाळवली म्हणजे काळी माती तयार. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवली कीं झुडुपें होतात. माणूस एचओ प्रमाणांत दोन सेंटिमीटरांहून किंचित कमी उंच असतो व दोन मीटरांचें दार तेवीस मिलिमीटर. एवढें संभाळून पुठ्ठ्याचें गोदाम घरीं करावें. डोंगर, बोगदा, पूल यांचा मोह होईल, पण चार फुटांत चढ बसत नाहीं. १८६३ सालीं पुरा झालेल्या बोरघाटांत चढ ३७ स एक आहे. तेवढ्यासाठीं कर्जतहून गाड्यांस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. फळीवर एक रूळ दुसऱ्यावरून न्यावयाचा तर त्यास सात सेंटिमीटर उंच चढविलें पाहिजे, आणि बोरघाटाच्या चढानें त्यास अडीच मीटरांहून अधिक लांबी लागेल. आपल्या इंजिनामागें जोर लावावयास दुसरें इंजिनही नाहीं.

ज्यांना आपल्या मुलखांतील स्थानकच हवें त्यांनीं कुर्डुवाडीचा विचार करावा, असें आम्हांस सुचवावेसें वाटतें. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानें १८९७ सालीं सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे येथें रुंद मार्गास येऊन मिळत असे. तिचे रूळ अडीच फूट रुंद होते. पुढें ती पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेली, आणि आज तो सर्व मार्ग रुंद रुळांचा झाला आहे. येथें गणित पुन्हां कामास येतें. आपले रुंद रूळ १६७६ मिलिमीटरांचे. ८७ नें भागिल्यास १९ हून अधिक येतात, परंतु बाजारांत मिळतात साडेसोळाचे, म्हणून आपली रुंद गाडी नेहमींच थोडी खोटी. उलट अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागाकार पावणेनऊ. ‘एन’ मापाचे रूळ ९ मिलिमीटरांचे असतात! म्हणजे बार्शीची लहान गाडी मोठीपेक्षां खरी उतरते. दुसऱ्या वर्षीं फळीच्या मागील कडेस असा एक अरुंद रूळ व मध्यें माल उतरविण्याचा ओटा केला, तर एका गाडींतील कापसाच्या गांठी दुसऱ्या गाडींत चढविण्याचें काम आठ वाघिणींच्या खेळांत आणखी भर घालील.

शेवटीं एक सूचना एकाच वर्गांतील मित्रांसाठीं. प्रत्येकानें आपापली फळी करितांना मोकळा रूळ व लांब फांटा हे एकाच सरळ रेषेंत फळीच्या दोन्ही टोंकांपर्यंत न्यावे, त्या रेषेचें फळीच्या पुढच्या कडेपासूनचें अंतर सर्वांनीं बरोबर दहा सेंटिमीटर ठेवावें, आणि फळीची उंची व पायांची उंचीही सर्वांची एकच असावी. चौकटींच्या टोंकांस सारख्या जागीं भोकें पाडून ठेविलीं म्हणजे बोल्टांनीं फळ्या एकमेकींस जोडतां येतात. पांच जणांनीं हें माप पाळलें, तर सुट्टीच्या दिवशीं शाळेच्या दालनांत वीस फूट लांब मार्ग उभा राहतो. प्रमाणांत तो अर्ध्या किलोमीटराहून थोडा अधिक भरतो, आणि ताशीं ६० किलोमीटरांच्या खऱ्या वेगानें गाडीस तो पार करावयास सुमारें बत्तीस सेकंद लागतात.